थांबाबाई आणि रिकामं जातं

थांबाबाई कोणालाही वाक्य पूर्ण करू देत नसत. दवाखान्यात एखादी दोन जिवांची बाई आली आणि धडाधड बोलायला लागली, की त्या तळहात वर करून म्हणत, "थांब. आधी श्वास सोड." घ्यायला नाही, सोडायला सांगत. तीनदा सोडून झाला की म्हणत, "हां, आता सांग." तोवर निम्मं गाऱ्हाणं गळून गेलेलं असे आणि उरलेलं नीट सांगता येई. रस्त्यात डोक्यावर दोन हंडे घेतलेली सातव्या महिन्यातली बाई दिसली तरी हाच प्रकार. हंडे उतरवून घेत, तिला श्वास सोडायला लावत आणि एक हंडा स्वतःच्या कडेवर घेऊन तिच्या अंगणापर्यंत जात. त्या गावच्या दवाखान्यात नर्स होत्या. तिथल्या हजेरीपटावर त्यांचं नाव वेगळं होतं. थांबाबाई हे गावाने ठेवलेलं.

सत्तरच्या दशकाची मधली वर्षं. मी चारठाण्याला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते. आमचे हे जिंतूरला कचेरीत होते आणि शनिवारी येत. घरात मी आणि सासूबाई. माझं पहिलं बाळ माहेरी, सेलूला, आठव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा लोकांनी पेढे मागितले आणि माझी झोप उडाली. दुपारच्या तासाला पाय शिशासारखे होत. बाळ हललं का, हे बघायला मी शिकवता शिकवता मध्येच गप्प होई आणि सगळा वर्ग माझ्याकडे बघत बसे. डॉक्टरांनी तपासून सगळं ठीक असल्याचं सांगितलं होतं. मला ते पटत नव्हतं. हे बाळ जिवंत हाती यावं, एवढंच मला हवं होतं, आणि त्या एका गोष्टीवर माझा काही इलाज चालत नव्हता.

मला सगळं कागदावर लिहायची सवय. भीतीचीही मी यादी केली आणि ती घेऊन दवाखान्यात गेले. थांबाबाईंनी आधी तीन श्वास सोडायला लावले, मग कागद वाचला. खिशातून पेन्सिल काढून ओळींवर खुणा करू लागल्या. रक्त कमी आहे, बाळाची वाढ कळत नाही, पावसात जिंतूरचा रस्ता बंद पडला तर काय, या तीन ओळी त्यांनी स्वतःकडे घेतल्या. गोळ्या बुडतात, दुपारी उभं राहवत नाही, या दोन माझ्याकडे दिल्या. शेवटची ओळ होती, 'पहिल्यासारखंच झालं तर'. तिच्यावर त्यांनी खूण केली नाही.

"ही कोणाचीच न्हाई, बाई," त्या म्हणाल्या. "डॉक्टरची न्हाई, माझी न्हाई, तुमचीबी न्हाई. ती येनार. आली की हाकलायची न्हाई आन् बसवून घ्यायचीबी न्हाई. श्वास आत येतो तसं येऊ द्यायचं, बाहेर जातो तसं जाऊ द्यायचं."

माझ्याकडच्या दोन ओळींतली एक मात्र त्यांनीच मार्गी लावली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या शाळेत आल्या आणि हेडमास्तरांकडे एक सतरंजी मागितली. बाई शाळेत झोपणार का, असं गुरुजींनी दबकत विचारलं. झोपणार नाहीत, वीस मिनिटं डाव्या कुशीवर पडणार, असं त्यांनी सांगितलं आणि सतरंजी मिळेपर्यंत जागच्या हलल्या नाहीत. त्या दिवसापासून नकाशांच्या खोलीत माझी सतरंजी अंथरलेली असे. दुपारचे तास मी उभी राहून घेऊ लागले.

हे श्वासाचं कुठे शिकलात, असं मी एकदा विचारलं. त्यांचं घर सेलूकडच्या एका खेड्यातलं. छप्पननंतर बौद्ध झालेलं. वडील कापसाच्या जिनात हमाली करत. संध्याकाळी आले की हातपाय धुऊन भिंतीला न टेकता बसत आणि अर्धा तास फक्त आपल्या श्वासाकडे लक्ष देत. "गाठी उचलून मोडलेला मानूस अर्ध्या घंट्यात सरळ झालेला मी रोज बघितलाय," थांबाबाई म्हणाल्या. "मंग म्हनलं, बायांनी काय घोडं मारलंय?"

दर बुधवारी शाळा सुटल्यावर त्यांचा वर्ग भरे. जागा त्यांनी फार विचार करून निवडली होती. आमच्या गावात जुनी देवळं पुष्कळ. त्यातल्या एकात मूर्ती नव्हती, पूजा नव्हती, म्हणून मालकही नव्हता. त्या मंडपाची फरशी भर उन्हात गार असे. कोणत्याही वस्तीतली बाई तिथे येऊन कोणाच्याही शेजारी बसू शकत होती. सुरुवातीला आम्ही चौघी होतो, पुढे अकरा झालो. आधी घोटे फिरवायचे, मग खांदे, मग मान. डोळे मिटून श्वास मोजायचे. आणि शेवटी जातं. पाय पसरून बसायचं, समोर जातं आहे असं धरून हात गुंफायचे आणि कमरेतून गोल फिरायचं. पुढे जाताना श्वास सोडायचा, मागे येताना घ्यायचा. पहिल्या दिवशी बायका हसून लोळल्या. एक म्हणाली, "गावात गिरनी आली म्हनून सुटलो, तर ही बया पुन्यांदा जात्यावर बसवायलीय." थांबाबाई म्हणाल्या, "तवा पिठासाठी दळत होतीस, आता स्वतासाठी दळ." महिन्याभरात माझी कंबर धरायची थांबली. रात्री पडल्या पडल्या झोप लागू लागली.

पण एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली नव्हती. आमच्याकडे रिकामं जातं फिरवत नाहीत. घरात धान्य नसलं तरच जातं रिकामं फिरतं, म्हणून ते अशुभ. आणि इथे तर पोटुश्या बायका दर बुधवारी रिकामं जातं फिरवत होत्या. ही बातमी सासूबाईंच्या कानावर गेली तेव्हा त्या वर्ग चालू असतानाच मंडपात येऊन उभ्या राहिल्या.

"एक लेकरू गेलंय माझ्या घरचं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या वक्ताला रिकामं जातं फिरवायचं न्हाई. ऊठ गं सूनबाई."

सगळ्या बायकांनी हात आवरले. मी उठायला लागले. थांबाबाई अशा वेळी वाद घालतील असं मला वाटलं होतं. पण त्या हात जोडून म्हणाल्या, "चुकलं माझं, माय. माझ्या आईच्या घरीबी हेच होतं, माझ्या ध्यानात ऱ्हायलं न्हाई. पोरींना चांगलं होयलंय, ते बंद करू नका. जात्यात काय घालायचं ते तुमी सांगा."

हे विचारणंच सासूबाईंना अपेक्षित नव्हतं. त्या घरी गेल्या आणि पदरात ज्वारी घेऊन परत आल्या. प्रत्येकीच्या दोन पायांच्या मध्ये, जिथे जातं असायला हवं तिथे, फरशीवर एकेक मूठ टाकली. "आता फिरवा," म्हणाल्या. वर्ग संपल्यावर ती ज्वारी चिमण्यांना गेली.

पुढच्या बुधवारी ज्वारी वेळेवर पडते की नाही हे बघायला त्या स्वतः आल्या. त्याच्या पुढच्याही. खांबाला टेकून बसत आणि आपला या गोष्टीशी काही संबंध नाही असा चेहरा करत. थांबाबाई त्यांना मंडपाच्या कडेपासून हळूहळू आत ओढत होत्या, हे मला नंतर कळलं. जड दळण कधी एकटीनं होतं का, असं म्हणून एके दिवशी त्यांनी सासूबाईंना माझ्यासमोर बसवलं. जात्याचा खुंटा दोघी धरतात तसे आमचे हात एकमेकींच्या हातात दिले. माझा श्वास चुकला की त्यांना हातातून कळे. त्या नुसतं डोळ्यांनी दटावत.

आठवा महिना लागला आणि थांबाबाईंची बदली झाली. राणीसावरगावला, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. मी ऐकलं आणि दवाखान्याच्या पायरीवरच बसले. पहिलं बाळ याच महिन्यात गेलं होतं. मला म्हणावंसं वाटलं की तुम्ही नसाल तर माझ्याने होणार नाही, आणि मी ते म्हणालेही. त्यांनी तेवढ्यापुरतं मला अडवलं नाही, सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाल्या, "बाई, नर्सची बदली कधीबी होती. मी ऱ्हानार न्हाई हे धरूनच शिकवलंय तुमाला. आन् तुमी एकल्या न्हाई. मी तुमच्या घरात मानूस तयार करून ठेवलंय."

आठवा महिना गेला. नववाही सरत आला. शेवटच्या ओळीतली भीती रोज येई आणि मी तिला रोज जाऊ देई. एका सकाळी आठच्या सुमाराला कळा सुरू झाल्या. दवाखान्यात नवी नर्स होती, चांगली होती, पण अगदी तरुण. कळा वाढल्या आणि मी सगळं विसरले. श्वास छातीतच अडकायला लागला. तेव्हा सासूबाई समोर येऊन बसल्या आणि त्यांनी माझे दोन्ही हात धरले.

"माझ्याकडं बघ," त्या म्हणाल्या. "दळ."

आम्ही दळायला लागलो. कळ आली की त्या मला पुढे ओढत आणि स्वतः मोठ्याने श्वास सोडत. साठीची बाई, कपाळावरून घाम गळत होता, पण लय सोडली नाही. नवी नर्स बघत राहिली. मग तीही आमच्या लयीत सूचना देऊ लागली. खूप वेळाने मी विचारलं, "आई, किती राहिलं?"

"मूठभर," त्या म्हणाल्या.

दुपारी अडीचला मुलगी झाली. ती रडली. ते रडणं दवाखान्याबाहेर लिंबाखाली बसलेल्या माणसांपर्यंत गेलं, आणि आत आम्ही दोघी हसायला लागलो. मला तर हसणं आवरेना. पुढचे दोन दिवस सासूबाई भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला दंड दाखवून सांगत होत्या की दळण या हातांनी केलंय.

बारशाला थांबाबाई आल्या. राणीसावरगावहून तीन एसट्या बदलून, हातात एक झबलं घेऊन. पाळणा सजला होता, बायका दाटीने बसल्या होत्या. मंडपात कोणीही कोणाच्या शेजारी बसत असलं तरी गावातल्या घरांचे उंबरे अजून तसे झालेले नव्हते, आणि आमचंही घर त्याला अपवाद नव्हतं. थांबाबाईंना ते माहीत होतं. त्या आपणहून ओसरीवर, दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. तेवढ्यात कोणीतरी विचारलं, नाव कोण सांगणार? नाव आत्याने सांगायचं, आणि आमचे हे एकुलते एक. शेजारच्या काकू पुढे सरकल्या. सासूबाईंनी त्यांना हाताने बसवलं, उठून ओसरीवर गेल्या आणि थांबाबाईंचं मनगट धरलं.

"चला आत, नरसबाई. लेकराला आत्या न्हाई. तुमी हाय."

एक म्हातारी काहीतरी पुटपुटली. जे बोलायचं ते जेवण झाल्यावर बोला, असं सासूबाईंनी तिला सांगितलं आणि थांबाबाईंना ओढतच पाळण्याशी आणलं. थांबाबाईंना गोंधळलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी त्यांना झबलं कुठे ठेवावं हेही सुचेना. मग पाळण्यावर वाकल्या आणि मुलीच्या कानात नाव सांगितलं.

तेवीस वर्षांनी, एका उन्हाळ्यात त्याच मुलीचं लग्न झालं. पत्रिकेचा मजकूर मी तीनदा तपासून छापायला दिला होता. निमंत्रकांमध्ये 'आत्या' या शब्दापुढे एकच नाव होतं, थांबाबाईंचं हजेरीपटावरचं.