अंगणात पडलेला गिलास

आमच्या वसमतच्या बाजूला जमीन अधूनमधून गुरगुरते. आधी खालून जड ट्रक गेल्यासारखा आवाज येतो, मग पत्रे थरथरतात, आणि बाहेर पळालेली माणसं एकमेकांकडे बघून उगाच हसतात. यावर घराघरात एक उपाय असतो. उपड्या गिलासावर दुसरा उपडा गिलास ठेवायचा. जमीन हलली की वरचा पडतो आणि झोपलेलं माणूस जागं होतं. शहरातले पाहुणे या उपायाला हसतात. त्यांनी एकदा मुक्कामाला यावं.

माझी थोरली बहीण, अक्का, याच भागातल्या एका गावात राहते. काही वर्षांपूर्वी भर दुपारी तिची लेक भांड्यांच्या मांडणीखाली बसून तूर निवडत होती. अंगणात एक गिलास आडवा पडलेला अक्काला दिसला. तिने लेकीला तो उचलायला पाठवलं. पोरगी उंबऱ्याबाहेर गेली आणि जमिनीने हिसका दिला. भरलेली मांडणी भिंतीतून निखळून बरोबर तिच्या बसल्या जागेवर कोसळली. तुरीचं सूप पार चेपून गेलं.

आम्ही सगळ्यांनी देवाचे आभार मानले. अक्काने गिलासाचे मानले. तो उचलायला लावला म्हणून लेक वाचली. उद्या एखादा पडलेला राहिला तर लेक जाईल, असं तिच्या मनाने घेतलं. मग घरात एकही गिलास आडवा दिसता कामा नये. ती सगळे तपासायची, हात लावून बघायची, मनात शंका आली की पहिल्यापासून सुरू. भाजी करपायची. लग्नाला निघालेली बाई एसटीच्या थांब्यावरून परत फिरायची. गाव कौतुक करायचं, की बाई किती सावध! आणि आम्ही तिची माणसं तिला त्रास नको म्हणून तिच्याआधीच गिलास सरळ करत सुटलो. दाजी तर पाणी पिऊन झालं की "बघ, हुबा ठिवला" असं तिला मोठ्याने सांगायचे. सगळं घर गिलासांच्या चाकरीला लागलं होतं.

पुढे लेकीचं लग्न झालं, तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिने मला फोन केला आणि रडायलाच लागली. म्हणाली, "मामा, आई माझ्याकडं बघतच न्हाई, गिलासाकडं बघून राहिली. लेकरू घिऊन तिथं कशी राहू?" हे मी अक्काला जसंच्या तसं सांगितलं. तेव्हा कुठे ती दवाखान्यात यायला तयार झाली.

हिंगोलीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा मंत्रचळ, म्हणजे ओसीडी. हादरा सगळ्या गावाला बसला, पण सगळ्यांना हा आजार झाला नाही. काहींच्या मनाचा कल आधीपासून तिकडे असतो, आणि मोठा धक्का किंवा रोजचा ताण त्याला जोर देतो. लहानपणी अक्का गोठ्याची कडी लावून पुन्हा पुन्हा बघायला जायची, ते मला तिथेच खुर्चीत आठवलं. गिलास सरळ केला की घटकाभर बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्यावरच भीती पोसली जाते, असं बाईंनी समजावलं. त्यांनी औषधं दिली आणि वर एक काम दिलं: गिलास मुद्दाम आडवा ठेवायचा, त्याच्याकडे बघत बसायचं, उचलायचा नाही. घरच्यांनीही उचलायचा नाही.

मला वाटलं, हे काय औषध झालं? मग घरी प्रत्यक्ष पाहिलं. अक्का घामाने निथळत होती, पदर मुठीत आवळलेला, समोर स्टीलचा गिलास. वाघासमोर बसलेलं माणूस असंच दिसत असेल. त्या दिवशी तिने तो उचललाच. पुढे कितीतरी दिवस उचलला. मग एकदा चहा उकळून होईपर्यंत तो तसाच राहिला, आणि दाजींच्या डोळ्यांत पाणी आलं.

लेक माहेरी आली, तिला मुलगी झाली. बारशानंतर मी गेलो होतो, तेव्हा दुपारी जमीन गुरगुरली. दाजी आणि मी, दोघे शूरवीर, आधी अंगणात. अक्का सगळ्यात शेवटी आली, नातीला छातीशी धरून, लेकीचा हात ओढत. या धावपळीत कुणाचा तरी पाय लागून अंगणातला पाण्याचा गिलास आडवा झाला.

जमीन थांबली. आजूबाजूच्या घरांतून गिलासावर गिलास ठेवल्याचे आवाज येऊ लागले. अक्काची नजर अंगणातल्या गिलासावर गेली. नातीच्या पाठीवरचा तिचा हात सुटला आणि हवेतच थांबला. लेकीला राहवलं नाही, ती उचलायला वाकली.

"असू दे," अक्का म्हणाली.

"आई, भेव वाटून राहिलं ना तुला?"

"व्हय, लई वाटून राहिलं. पर तू नको जाऊ तिकडं. माझ्यापाशी बस."

लेक तिला टेकून बसली. अक्काचा हात नातीच्या पाठीवर परत आला. जमीन हलते याचं मला आता काही वाटत नाही, पण त्या हाताकडे मी अवाक होऊन बघत राहिलो. गिलास दिवेलागणीपर्यंत तिथेच पडून होता. एक कोंबडी त्यात उरलेलं पाणी पिऊन गेली.