चोळण्याची चौकशी

माझी मोठी बहीण अंग चोळायची. तिला आम्ही घरात बाई म्हणायचो. नवरा लवकर गेल्यामुळे ती माहेरी परत आली होती, आणि हा हात तिला तिच्या सासूकडून मिळाला होता. सासूकडून दुसरं काही मिळालं असं तिनं कधी सांगितलं नाही. कुणाच्या कंबरेत उसण भरली, कुणाचा पाय मुरगळला, बाळंतिणीचं अंग आंबलं, की बाईला बोलावणं यायचं. आमचं गाव आसेगावजवळ. थोडा मळा होता, त्यात वांगी, मिरची, सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर. बाजाराच्या दिवशी माल घेऊन मी मंगरूळपीरला जायचो. जिल्हा तेव्हा अकोला होता, त्यामुळे कुठलंही सरकारी काम अकोल्याला जाऊन हरवायचं.

बाईच्या चोळण्याचे नियम होते. तेल ज्याचं त्यानं आणायचं. पैसे द्यायचे नाहीत, दिले तर हाताचा गुण जातो. चोळून झालं की उठायचं आणि मागं वळून न पाहता निघायचं. आणि 'बरं वाटलं' असं कुणापाशीही म्हणायचं नाही. म्हटलं की दुखणं ते ऐकतं आणि परत येतं. कुणी विचारलंच तर 'काही फरक नाही' म्हणायचं, म्हणजे दुखण्याला वाटतं आपण अजून तिथंच आहोत. हे मी कुणाला हसवायला सांगत नाही. आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

एवढा गुण असून बाईला मान नव्हता. गावात एक मोठ्या शेतीवाल्याचं घर होतं. तिथल्या मालकिणीची कंबर दर हिवाळ्यात धरायची. मग बाईला निरोप यायचा, पण जायचं गोठ्याकडच्या दारानं, शेणाच्या पाट्या ओलांडून. चोळून झालं की त्याच वाटेनं परत. समोरच्या दारानं कापसाचा दलाल जायचा, पोस्टमन जायचा, एकदा चोरही गेला होता. बाई नाही.

"मले एकडाव समोरच्या दारानं जाचं हाये," ती म्हणायची. तिला दुसरं काही नको होतं.

अशात गावच्या शाळेत नवे गुरुजी आले. देश नवा होता आणि गुरुजी वर्तमानपत्र वाचायचे, त्यामुळे त्यांना दर आठवड्याला एक योजना सुचायची. त्यांच्या बायकोचं बाळंतपण झालं आणि बाईनं तिला चोळलं, तेव्हा त्यांना ही योजना सुचली. मंगरूळपीरच्या दवाखान्यात अंग चोळणारी बाई पगारावर ठेवावी. तिला पांढरं लुगडं, बसायला स्टूल आणि दारावर पाटी. चोळणं हाही एक व्यवसाय आहे, त्याला प्रतिष्ठा मिळाली पाहिजे, असं ते आमच्या ओसरीवर बसून म्हणाले.

"सरकारी बाईला गोठ्यातून कोण आत घेईल?" ते म्हणाले, आणि बाईचा चेहरा असा उजळला की मला गुरुजींना घरातून हाकलता आलं नाही.

पैसे घ्यायचे नाहीत या नियमाचं काय, असं मी विचारलं. बाईनं त्यावर आधीच विचार केला होता. "पगार मयन्याचा असते, चोयन्याचा नाई," ती म्हणाली. त्यानंतर पांढऱ्या लुगड्याला डाग पडू नयेत म्हणून तेलाची वाटी कुठल्या बाजूला ठेवावी, यावर ती बरेच दिवस विचार करत होती.

गुरुजींनी अर्ज केला. उत्तर आलं की आधी गुण सिद्ध व्हावा. त्यासाठी डॉक्टर येऊन रीतसर चौकशी करतील, मात्र अशा संशोधनाला सरकारात तरतूद नाही, खर्च गावानं उचलावा.

गावानं तो हसत उचलला. चोळायचे पैसे देणं पाप होतं, पण चोळण्याच्या चौकशीला पैसे देण्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही. कुणी ज्वारी दिली, कुणी जवसाचं तेल. मंगरूळपीरला दर्ग्यापाशी फुलं विकणाऱ्या चाचांचा पाय बाईनं एकदा सरळ केला होता, त्यांनी डॉक्टरांसाठी हार कबूल केला. डॉक्टरांच्या जेवणाची वांगी माझ्याकडे लागली. मोठ्या घरच्या मालकिणीनं सगळ्यांत जास्त दिलं. ते आणायला गुरुजी गेले होते, समोरच्या दारानं.

डॉक्टर तरुण होते, नागपूरकडचे, आणि मला सांगायला वाईट वाटतं की माणूस चांगला होता. त्यांनी दुखणाईतांचे दोन गट केले. एका गटाला बाई चोळणार, दुसऱ्याला दवाखान्याचं मलम. पुढच्या खेपेला सगळ्यांना बोलावून विचारायचं, आणि ज्या गटाला जास्त आराम पडला असेल तो जिंकला. मलमाचा वास एवढा उग्र होता की त्या गटातल्या माणसांना गावातली कुत्री लांबूनच ओळखायची.

मीही बाईच्या गटात होतो. बैलांच्या मागं मोट हाकून हाकून माझी कंबर कामातून गेली होती. बाईनं मला चोळलं आणि मी पुन्हा सरळ चालू लागलो.

निकालाच्या दिवशी सगळे शाळेत जमले. डॉक्टरांच्या गळ्यात हार होता. बाई भिंतीला टेकून बसली होती, धुतलेलं लुगडं नेसून.

आधी मलमवाले. ते एकजात म्हणाले, लय बरं वाटलं. मलमाला असा काही नियम नव्हता, आणि पाहुण्या माणसाचं मन कशाला मोडा. एक जण तर आल्यापासून कण्हत होता. तोही कण्हत कण्हतच म्हणाला, "लय बरं वाटलं साहेब."

मग बाईचा गट. पहिली एक म्हातारी, जिला मागच्या खेपेला खाटेवर घालून आणलं होतं. आज ती डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन आली होती. मोळी खाली ठेवून ती म्हणाली, "काई फरक नाई." दुसऱ्याचा हात खांद्याच्या वर जात नव्हता. त्यानं तोच हात उंच करून डोकं खाजवलं आणि म्हणाला, "काई फरक नाई." तिसरा, चौथा, सगळे तेच म्हणाले. गुरुजींच्या कपाळावर घाम आला. हा नियम त्यांना कुणी सांगितला नव्हता, कारण त्यांनी कुणाला विचारला नव्हता.

"अहो, खरं सांगा!" ते ओरडले. "तुमची मोळी दिसतेय आम्हाला!"

म्हातारी चिडली. "तुमच्या चौकशीपायी मी माही कंबर कायले मोडू?" आणि मोळी उचलून, मागं न बघता चालती झाली.

डॉक्टर म्हणाले, "मला जे सांगतील तेच लिहिता येतं." तेही बरोबरच होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी बाईकडे पाहिलं. मला वाटलं ती रडत असेल. तर ती ताठ बसली होती, आणि दर 'फरक नाही'ला तिची मान थोडी आणखी वर जात होती. एवढ्या माणसांनी, सरकारापुढं, तिच्या हाताची अशी पत राखलेली तिनं आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली होती. मला तिचा राग आला, गावाचा आला, सगळ्यांचा आला. ते स्टूल, ती पाटी, ते समोरचं दार डोळ्यांसमोरून चाललं होतं आणि ही बया खूश होती.

माझी पाळी आली. मी उठलो आणि म्हणालो, "मले बरं वाटलं. पूर्ण बरं वाटलं."

पुढे बसलेल्या एकीनं कानांवर हात ठेवले.

"तुम्ही यांचे कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

"भाऊ."

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. घरच्या माणसाची साक्ष धरता येत नाही म्हणाले.

घरी येताना बाई पुढं आणि मी मागं. पांदणीची वाट संपली तशी ती थांबली.

"तुले कोनी सांगतलं होतं बोलाले?" तिनं शेवटी विचारलं.

"तुह्यासाठी बोललो."

"माह्यासाठी गप बसाचं असते," ती म्हणाली. "दुखनं येईन आता परत, पाह्यजो."

आठवडा व्हायच्या आत वांग्यांनी भरलेली डाल उचलताना माझी कंबर धरली. ओल्या मळ्यात पहाटेपासून वाकलो होतो, म्हणून धरली असेल. बाईनं चोळलं, पण गरजेपेक्षा जरा जास्त जोरात.

चौकशीचा निष्कर्ष असा निघाला की चोळण्याचा उपयोग नाही आणि मलम गुणकारी आहे. उरलेल्या वर्गणीत गावाला मलमाच्या डब्या मिळाल्या. लोकांनी ते मलम बैलांच्या खांद्यांना लावलं आणि डब्यांत चुना ठेवला. गुरुजींची बदली झाली.

त्या हिवाळ्यात मोठ्या घरून निरोप आला. बाई ज्वारी पाखडत होती. हात न थांबवता तिनं निरोप्याला सांगितलं, "मी कोनाच्या घरी जात नाई आता. चोयून घ्याचं असंन त्यानं इथं यावं." मी घाबरलो. त्यांच्या विहिरीवरून आमच्या मळ्याला पाणी यायचं. पण कंबर ही कंबर असते. दोन दिवसांनी मालकीण छकड्यातून आमच्या दाराशी उतरली. आमच्या घराला दार एकच, आणि चौकट बुटकी. तिथून कुणालाही वाकूनच आत यावं लागतं. ती वाकून आली, चोळून घेतलं, आणि मागं न बघता निघून गेली. पुढं ती दर हिवाळ्यात येत राहिली. बाई समोरच्या दारानं मात्र कधीच गेली नाही. तिनं तो विषयही पुन्हा काढला नाही, आणि मला ते अजून सलतं.

माझी कंबर जन्मभराची झाली. बाई जन्मभर चोळत राहिली आणि मी पुन्हा कधी 'बरं वाटलं' म्हटलं नाही. शेवटच्या वर्षी तिची बोटं आखडली होती, तरी माझं कण्हणं ऐकून ती तेलाची वाटी घेऊन आलीच. तिचे हात पाठीवर फिरत होते, एवढंच कळत होतं. जोर उरला नव्हता. तेव्हा तिनं एक गोष्ट विचारली, जी तिनं कुणालाच कधी विचारली नव्हती.

"काई फरक पडला काय रे?"

"काईच नाई वं बाई," मी म्हणालो.

"मंग झालं," ती म्हणाली, आणि समाधानानं पदराला हात पुसले.

त्या दिवशी ते अगदी खरं होतं. कंबर होती तशीच ठणकत होती. मी उठलो आणि ती बसली होती तिकडे मागं वळून न पाहता, ताठ चालत दाराबाहेर गेलो.