गोल फिरणारी गाय

सन २०१७. मला सत्तावन्नावं लागलं होतं. शिक्षण सातवी, पण शिपायाचा सहायक फौजदार झालो तो तपासाच्या जोरावर. पारशिवनीकडच्या एका गावातली त्या हिवाळ्यातली फिर्याद विसरू म्हटलं तरी विसरत नाही.

फिर्यादी बाई गायी पाळायची. दोन मेल्या, एक गाभडली, एक मान वाकडी करून गोल गोल फिरत होती. एक कान लोंबलेला, तोंडातून लाळ. बाईचा शेजाऱ्याशी धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, वाद होता आणि त्याला पहाटे तिच्या गोठ्यामागे दोघांनी पाहिलं होतं.

"त्यानंच जहर टाकलं, साहेब."

मला पटलं. गावानं तर त्याच्याशी बोलणंच टाकलं. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी नमुने तपासणीला पाठवले होते, पण अहवालाची वाट पाहणारा मी नव्हे. पंच बोलावून पंचनामा केला, गायींची सरकीची ढेप आणि पाणी जप्त केलं. गोठ्यामागं मुरघासाची, म्हणजे हिरवा मका कापून हवाबंद मुरवलेल्या चाऱ्याची, मोठी प्लास्टिकची पिशवी होती. फाटलेली होती. मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

शेजाऱ्याला सकाळी ठाण्यात आणला. दुपारचे तीन वाजले. अटकेचे कागद टेबलावर तयार होते.

"काहून गेलता तिच्या गोठ्यामागं?"

"असाच गेलो, साहेब."

"पहाटे पाचले? हवा खायले?"

घाबरलेला माणूस माझ्या हाताकडे पाहतो. हा सारखा दाराकडे पाहत होता.

"घरी कोण वाट पाहून राहिलं?"

"शेळी पडली, साहेब. कालपर्यंत गोल फिरून राहिली होती."

मी पेन खाली ठेवलं. "तुह्या शेळीले कोणी जहर टाकलं गा?"

तो रडायलाच लागला. "मुरघास चोरला, साहेब. महिना झाला. उंदरानं पिशवी फाडली होती, तिथूनच काढत होतो."

"मंग हे आधी काहून नाही सांगितलं? जहराचा आळ बरा वाटला?"

"जहराचं खोटं हाय, साहेब. ते कधी ना कधी सुटलं असतं. चोरीचं खरं हाय."

मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या एवढंच म्हणाल्या, "तो मुरघास आधी बंद करा. मी निघाले."

गोठ्यावर पोचलो तेव्हा बाई उरलेल्या गायींपुढे टोपलं रिकामं करत होती. मी ते हिसकावलं.

"उपाशी मारू का जनावरं?" ती म्हणाली.

मागोमाग डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी पिशवीत हात घातला तर आतला चारा काळा, मातीनं भरलेला. त्यांनी समजावलं. लिस्टेरिया नावाचे जंतू माती-शेणात असतात. पिशवीत हवा शिरली की मुरघासात वाढतात, थंडीतही. जनावर ते खातं, शेणातून बाहेर टाकतं. ते शेण वावरात जातं, तिथल्या मातीसकट मका पुन्हा पिशवीत. दूधही उकळल्याशिवाय घ्यायचं नाही.

चोरीचं कळल्यावर बाई म्हणाली, "मागितला असता तर म्याच देला असता टोपलंभर. तेवढीच लवकर मेली असती त्याची शेळी."

पुढे अहवाल आला. जहर नव्हतं, तेच जंतू होते. मी चुकलो असं तेव्हा कोणाजवळ बोललो नाही. इथं लिहितो. खोटं बोलणारा प्रत्येक जण आपण धरलेलाच गुन्हा लपवत नसतो, हे मला नोकरीच्या शेवटी कळलं.

अहवाल आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्दी चढवली, शेजाऱ्याला मोटारसायकलवर मागं बसवलं आणि अख्ख्या गावातून हळूहळू नेलं. चहाच्या टपरीसमोर थांबलो, सगळ्यांच्या मधोमध बाकड्यावर त्याला शेजारी बसवला आणि दोन चहा सांगितले.