निन्या चोनचे चाळीस दिवस

कोहुतेपेकेच्या बाजारात निन्या चोनचा पुपुसांचा, म्हणजे सारण भरलेल्या मक्याच्या जाड भाकऱ्यांचा, तवा चौतीस वर्षं पेटत होता, आणि चौतीस वर्षं ती त्याच्यासमोर उभीच होती. साठी उलटली तरी बाजार तिला 'निन्या', म्हणजे 'पोरी', असंच म्हणायचा. पोटऱ्यांवरच्या निळ्या गाठी मात्र वयाची चुगली करायच्या. त्या गाठींसाठी तिने काही म्हणून करायचं ठेवलं नाही. कोरफडीचा गर झाला, व्हिनेगरच्या पट्ट्या झाल्या, मासळीवालीने दिलेलं घोड्याचं मलमसुद्धा झालं. संध्याकाळी पाय सुजायचे ते सुजायचेच. पण बसायचं तर उलथनं सुनेच्या, दिग्नाच्या हातात द्यायला हवं, आणि नऊ वर्षांत चोनने तिला तव्याला बोट लावू दिलं नव्हतं. दिग्नाने कोबी चिरायचा, भांडी घासायची, बस्स.

शेवटी मुलगा वील्बेर तिला जवळजवळ उचलूनच दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली.

"शिरांतल्या झडपा सैल पडल्यात. रक्त वर जायचं सोडून खालीच मुक्काम ठोकून बसतंय," त्या म्हणाल्या. घट्ट मोजे होते, लेझर होतं, बिघडलेली शीर बंद करणाऱ्या औषधी फेसाची सुई होती. चोनला सुई ठरली. "सुई झाली की लगेच अर्धा तास चालायचं. पडून राहायचं नाही, आत रक्त गोठतं. उद्यापासून खुशाल काम करा, पण तासन्‌तास उभं राहू नका. आणि मोजे सकाळी उठल्या उठल्या चढवायचे."

वील्बेर तेव्हा बाहेर गाडी लावत होता. त्याने यातलं अक्षर ऐकलं नाही, आणि चोनच्या डोक्यात किडा वळवळला.

"चाळीस दिवस," घरी येताच तिने जाहीर केलं. "बाळंतिणीसारखे. गार पाणी नाही, वारा नाही, कानात कापूस, रोज गावठी कोंबडीचं सूप. डॉक्टरांचा हुकूम आहे."

चार बाळंतपणांत तिने चाळीस-चाळीस दिवस असेच काढले होते, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. तिचा हिशेब सरळ होता. आठ दिवसांत दिग्ना पुपुसा करपवणार, गिऱ्हाईक पळणार, आणि मुलगा-सून खाटेपाशी येऊन नाक घासणार. मग पुन्हा कुणी तव्याकडे डोळा वर करून बघायचं नाही.

आठ दिवस गेले. नाक घासायला कुणी आलं नाही. दिग्ना पहाटे येऊन सासूला मोजे चढवायची आणि अंगणात वीस फेऱ्या मारल्याशिवाय सूप द्यायची नाही. "कोंबडी पचायला नको का, सासूबाई?" म्हणायची.

दहाव्या दिवशी लिसान्द्रो न्हावी विचारपूस करायला आला.

"सुनेच्या हाताला चव आहे हो," तो म्हणाला. "तुम्ही निवांत पडा. काही घाई नाही."

चोनने सूपाचा वाडगा बाजूला सारला. कान कापसाने बंद होते, पण हे नेमकं ऐकू आलं होतं.

बाराव्या दिवशी दिग्ना खाटेच्या कडेला टेकली. "दवाखान्यात जाऊन आले. चाळीस दिवस पुरायचे नाहीत म्हणाल्या डॉक्टरीणबाई. ऐंशी."

"ऐंशी? ती बाई असं म्हणूच शकत नाही."

"मग काय म्हणाल्या होत्या?"

चोनने कानातला कापूस नीट केला.

"मला दुसऱ्याच दिवशी खरं कळलं, मोजे आणायला गेले तेव्हा," दिग्ना म्हणाली.

"मग तेव्हाच का नाही बोललीस, भवाने?"

"नऊ वर्षांनी तवा मिळाला होता. मी कशाला बोलू?"

चोनने कानातला कापूस उपसून फेकून दिला.

दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या मोजे चढवून ती पायी बाजारात गेली. तव्यासमोर दिग्ना होती आणि शेजारी एक उंच स्टूल. "उभं राहायचं नाही ना तुम्हाला? बसा. तुम्ही थापा, मी भाजते."

चोन बसली. तिला भयंकर अपमान वाटला. आणि पायांना बरं वाटलं, याचा तर आणखीच राग आला. चीज भरून तिने पहिली पुपुसा थापली आणि सुनेकडे न बघता पुढे सरकवली. तेवढ्यात लिसान्द्रो आला. तव्यावरून त्याची नजर सासूकडे गेली, सासूवरून सुनेकडे.

"आज कुणाच्या हातची?" त्याने जपून विचारलं.

"माझ्या," दोघी एकदमच म्हणाल्या.