वहिनीची विज्ञानाची कार्डं

आमच्या वहिनीला विज्ञानातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि त्याची तिला कधी लाजही वाटली नाही. नवरा शाळेत विज्ञान शिकवतो, घरात तेवढं पुरे, असं ती म्हणायची. तिची विद्या कात्रीची. समोरच्या खोलीत खिडकीखाली तिचं मशीन, शेजारी कापायचं लांब टेबल, टेबलाखाली गिऱ्हाइकांच्या कपड्यांची गाठोडी. माणूस दारातून आत आला की ती आधी त्याचे खांदे बघते, चेहरा नंतर. एकदा माझे साहेब काही कागद घ्यायला घरी आले होते. वहिनीने त्यांना बसासुद्धा म्हटलं नाही. डावा खांदा उतरलाय तुमचा, शर्ट कुणी शिवला, म्हणून विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी दादाची धाकटी बहीण. लग्नाच्या फंदात पडले नाही. वरच्या खोलीत राहते, छापखान्यात काउंटरवर बसते आणि जेवायला खाली वहिनीकडे. माझ्या नाकावर राग असतो हे आख्खी गल्ली सांगेल, तेव्हा माझ्या सांगण्यातला थोडा तिखटपणा ज्याने त्याने वजा करून घ्यावा.

दादाला झटका आला तो वर्गातच. फळ्यावर आकृती काढता काढता हातातला खडू गळला आणि पाठोपाठ तोही खाली बसला. पोरांना वाटलं सर गंमत करतायत, कारण सरांना तशी सवय होती. उजवा पाय पुढे काठीच्या आधाराने निम्माशिम्मा परत आला. उजवा हात आला नाही. पण खरा घाला पडला तो बोलण्यावर. त्याला कळत सगळं होतं. ऊठ म्हटलं की उठायचा, मी कुणाची नक्कल केली की हसायचा. शब्द मात्र हवा तो येत नव्हता. चहा हवा असला की तोंडातून यायचं ‘खिडकी’. वहिनी उठून खिडकीही उघडायची आणि चहाही आणायची, म्हणजे भानगडच नको. आपण चुकलो हे त्याला लगेच कळायचं, आणि डाव्या हाताची मूठ मांडीवर आपटत तो बसून राहायचा. वाचणं आणि लिहिणंही गेलं. ज्या माणसाला मी लहानपणी गप्प बस गप्प बस म्हणून कंटाळायचे, त्याला असा बसलेला बघून माझ्या जिवाची नुसती काहिली व्हायची.

दवाखान्यात बोलणं शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी चित्रांचा गठ्ठा दिला. मांजर, कप, खुर्ची, चेंडू. रोज दाखवा आणि म्हणून घ्या, असं सांगितलं. आता भरल्या वर्गाला उष्णतेचे नियम शिकवणाऱ्या माणसापुढे तुम्ही मांजर धरलंत तर तो काय करेल? दादाने एका फटक्यात गठ्ठा खोलीभर उडवला. मी चिडून काहीतरी बोलणार होते, पण वहिनी खाली वाकून एकेक कार्ड उचलत होती. त्यांना मांजर नकोय, ती म्हणाली. त्यांना त्यांचे शब्द हवेत.

त्याच सुमारास शाळेच्या मोठ्या बाई घरी आल्या. चांगल्या बाई आहेत, त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. दादाची रजा नव्या सत्रापर्यंत चालेल असं त्यांनी सांगितलं. सत्राच्या पहिल्या दिवशी त्याने नववीचा पहिला धडा घ्यावा, वैज्ञानिक पद्धतीचा. हातात चित्रं असली तरी चालेल. त्या स्वतः मागच्या बाकावर बसतील. तेवढं जमलं तर वर्ग त्याचाच. नाही जमलं तर बदली शिक्षकालाच कायम करावं लागेल. हे सांगताना त्यांनाच अवघड झालं होतं. दादाने डाव्या हाताने त्यांचा हात धरला तो सोडेचना. आजारपणानंतर पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हवं असल्यासारखं दिसलं.

मग वहिनीने नववीचं पुस्तक काढलं. दुपारी मशीन बंद करून ती आणि मी टेबलापाशी बसायचो. विज्ञानात मी जेमतेम पास झालेली, त्यामुळे आंधळ्याने आंधळ्याला रस्ता दाखवावा तसा तो कारभार. गृहीतक म्हणजे काय गं, तिने विचारलं. मी म्हटलं, या घरात मला गृहीत धरलंय ना, तसलं काहीतरी. ती हसली नाही. तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत बसली आणि शेवटी म्हणाली, म्हणजे अंदाज, पण खोटा ठरू शकेल असा अंदाज. मग ठीक आहे.

चित्रं तिने आपल्या धंद्यातली काढली, कारण दुसरं तिला येत नव्हतं. कापड गरम पाण्याने आटतं का, एवढाच प्रश्न धरला आणि सगळा धडा त्यावर बसवला. निरीक्षण म्हणजे आखूड झालेला शर्ट आणि त्याच्याकडे बघणारा एक मोठा डोळा. प्रश्न म्हणजे गालावर बोट ठेवलेली बाई. गृहीतक म्हणजे त्याच बाईच्या डोक्यावर वाफाळतं पातेलं. प्रयोग म्हणजे एकाच ताग्याचे दोन तुकडे, एक गरम पाण्यात, एक गार पाण्यात. चल म्हणजे फक्त पाणी, तेवढंच बदलायचं, बाकी कशाला हात लावायचा नाही. नोंद म्हणजे टेप. निष्कर्ष म्हणजे शेजारी शेजारी ठेवलेले दोन तुकडे, एक लहान झालेला. माणसं काढणं तिला जमत नाही. तिची माणसं म्हणजे कपडे, वर डोकं चिकटवलेलं. मी भरपूर चेष्टा केली. पण खरं सांगते, धडा मला पहिल्यांदाच कळला.

प्रत्येक शब्दाची तिने दोन कार्डं केली, एकावर चित्र, एकावर शब्द. आपणच घोटाळा करून बसू, भलत्या चित्राला भलता शब्द लावू, अशी तिला धास्ती. मग तिने रोज करते तेच केलं. बाही खांद्याला जोडताना पुढचं मागे जाऊ नये म्हणून शिंपी कापडाच्या कडेला कात्रीने लहानसा छेद देतो, आणि छेदाला छेद जुळवून शिवतो. तसे तिने कार्डांना छेद दिले. कुठल्या जोडीला वरच्या कडेला, कुठल्या जोडीला कोपऱ्याजवळ, कुठे शेजारी शेजारी दोन. हे तिने मुद्दाम ठरवून केलं असंही नाही. तिच्या हातात कात्री आली की छेद पडतोच.

दादाने ही कार्डं उडवली नाहीत. चित्राचं कार्ड डाव्या हातात घ्यायचा, अंगठा कडेवरून फिरवत राहायचा आणि बघत राहायचा. वहिनी शब्द म्हणायची, तो ओठ हलवायचा. कितीतरी दिवस नुसते ओठ. मी तर हात टेकले होते. आणि एका सकाळी मी कामावर जायला जिना उतरत असताना खालून त्याचा आवाज आला, ‘निरीक्षण.’ स्वच्छ, वर्गातला आवाज. मी तशीच पायरीवर बसून रडले. वहिनी मात्र पुढचं कार्ड देत होती.

मग एकेक करत सगळे शब्द आले. कार्ड हातात, अंगठ्याचा चाळा, आणि शब्द. गिऱ्हाईक आलं की वहिनी कपडे बाजूला ठेवून आधी त्याला दादाकडून ‘निष्कर्ष’ म्हणवून दाखवायची. गल्लीत आमच्याकडे लग्न निघाल्यासारखं वातावरण. दादाने स्वतः कपाट उघडून शाळेचा शर्ट काढला आणि तो आता सैल होतो म्हणून खुणेने तिच्याकडून आवळून घेतला. इतका आनंद त्या घराने आजारपणाआधीही कधी केला नव्हता.

मागच्या बाकावरून दिसावीत म्हणून मोठी कार्डं करायची माझी कल्पना. छापखान्यातला जाड पुठ्ठा मिळवला, तिथल्याच मशीनवर कापून घेतला. कडा अशा गुळगुळीत की वहिनीने दोनदा हात फिरवून बघितला. तिने तीच चित्रं मोठी करून रंगवली. शाळा उघडायला थोडेच दिवस होते. दादाला पहिलं कार्ड दिलं.

तो बघत राहिला. अंगठा कडेवरून गेला, परत आला, खाली गेला. तोंड उघडलं आणि आलं ‘खिडकी’.

दमला असेल, मी म्हटलं. दुसरं कार्ड दिलं, तिसरं दिलं. एकही शब्द नाही. त्याने वैतागून जुन्या गठ्ठ्याकडे बोट दाखवलं. जुनं कार्ड हातात पडताच चटकन म्हणाला, ‘निरीक्षण.’ मला हायसं वाटलं, नवं आहे म्हणून बुजला असेल. वहिनीला मात्र वाटलं नाही. ती त्याच्या अंगठ्याकडे बघत होती.

तिने जुनंच कार्ड लांब धरलं, त्याच्या हाताला लागणार नाही असं. चित्र तेच, कार्ड तेच. त्याला सांगता येईना. तो हात पुढे करून मागायला लागला. मग तिने त्याला डोळे मिटायला सांगितले आणि कार्ड हातात ठेवलं. अंगठा फिरला. ‘गृहीतक.’ दुसरं ठेवलं. ‘चल.’ डोळे मिटूनसुद्धा आपल्याला येतंय म्हणून दादा खुलला, तिच्याकडे बघून हसला. तीही हसली. मग उठून आत गेली, आणि मी मागोमाग गेले तेव्हा भिंतीला कपाळ टेकून उभी होती. चित्र त्यांना दिसतच नाही गं, ती म्हणाली. त्यांनी शब्द नाही शिकले. माझे छेद शिकले.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मग नव्या कार्डांना दे ना छेद, मी म्हटलं. शब्द म्हणेल, मोठ्या बाई ऐकतील, झालं. कोण बघतंय अंगठ्याकडे? चार लोक दिवसभर पोपटासारखे बोलतात आणि पगार घेतात, यानेच काय पाप केलंय, असंही मी बोलले. माझ्या जिभेला तेव्हा काही धरबंध राहिला नव्हता.

‘आणि एखाद्या पोराने प्रश्न विचारला तर?’ ती म्हणाली. ‘पोरं विचारणारच. यांनीच सवय लावलीय. तेव्हा पोरांसमोर कळण्यापेक्षा यांना घरात कळू दे.’

पुढचे काही दिवस तिला ते दादाला सांगवलं नाही. रोज सांगते म्हणायची आणि रोज दादा तिला कार्डं घेऊन बसवायचा. शेवटी शाळेचा दिवस उजाडला. तो अंघोळ करून शर्ट घालून खुर्चीत तयार, काठी मांडीवर आडवी, जुनी कार्डं समोर. वहिनीने कात्री घेतली आणि वरच्या कार्डाच्या चारही कडा छेदासकट कापून टाकल्या. वेडी झालीस का, मी ओरडले. तिने ते कार्ड त्याच्या हातात दिलं.

अंगठा कडेवरून एक फेरी गेला, मग दुसरी. तो थांबला. त्याने चित्र बघितलं, कात्री बघितली, वहिनीच्या पायाशी पडलेल्या पट्ट्या बघितल्या. मला वाटलं आता गठ्ठा उडवणार. त्याने गठ्ठ्यातलं दुसरं कार्ड घेतलं, डोळे मिटले आणि म्हणाला, ‘प्रयोग.’ डोळे उघडले आणि तेच कार्ड तिच्यापुढे धरलं. कात्रीकडे बोट केलं. तिने कडा कापल्या. त्याने हातात घेऊन फिरवलं, बराच वेळ बघितलं. शब्द आला नाही. मग त्याने तिसरं उचललं. एकदा आलेलं उत्तर खरं मानू नका, पुन्हा करून बघा, असं तो पोरांना सांगायचा. त्याच्या जुन्या विद्यार्थ्यांना अजून पाठ आहे. तिसरंही तसंच झालं. चौथ्याला त्याने हात लावला नाही.

त्याचं डोकं शाबूत होतं. तेच मला सहन होईना. मी वहिनीला नाही नाही ते बोलले आणि तिने सगळं ऐकून घेतलं.

मग तिने मोठ्या बाईंना फोन लावला. ते येणार नाहीत, म्हणाली. नाही, तब्येत बरी आहे. पलीकडून बाई बहुधा आणखी मुदत देत होत्या, कारण वहिनी थोडा वेळ नुसती ऐकत होती.

‘नको बाई,’ ती म्हणाली. ‘वर्ग दुसऱ्यांना देऊन टाका. यांनी स्वतः तपासून बघितलंय.’

ती परत आली तोवर दादाने डाव्या हाताने शर्टाची पुढची बटणं काढली होती, उजव्या बाहीचंही काढलं होतं. डाव्या बाहीचं राहिलं होतं. ते उजव्या हातानेच काढावं लागतं. तो मनगट पुढे करून बसला होता. वहिनी त्याच्यासमोर बसली आणि तिने ते बटण काढलं.