भुरीची लाळ

बाबासो जातीचा धनगर. माणदेशात त्याच्या बापाच्या कळपावर नऊ कुत्री राखणीला होती. बाप म्हणायचा, मुकं जनावर आपलं दुखणं लाळेत सांगतं, वाचणारा पाहिजे. लाळ एकाच बाजूने गळाली, तर त्या बाजूच्या दाढेत हाड अडकलंय. घट्ट आणि घाण वासाची असली, तर हिरड्या सडल्यात. जबडा लोंबतोय, लाळेच्या दोऱ्या सुटल्यात आणि घोटभर पाणी उतरत नाही, तर कुत्रं पिसाळलंय.

मेंढरं एका साथीत गेली आणि बाबासो तुर्भ्याला हमालीला आला. पण ही विद्या त्याने मिशीसारखी जपली. वस्तीतले लोक त्याला ‘लाळडॉक्टर’ म्हणायचे. ते त्याला फार लागायचं.

चौऱ्याण्णवचा उन्हाळा. वस्तीत तीन दिवसांनी टँकर यायचा, म्हणून घरोघरी कारखान्यांतून निघालेल्या निळ्या पिंपांत लोक पाणी साठवायचे. पिंपं अंकुश विकायचा. त्या सकाळी केशरबाईने त्याच्याकडून एक पिंप घेतलं, घाईघाईने विसळलं, ते पाणी दारात ओतलं आणि टँकर आटायच्या आत पिंपात चार हंडे पाणी भरून घेतलं. बाबासोच्या तुकड्यांवर वाढलेली भुरी कुत्री दारातलं पाणी चाटून गेली.

तासाभरात भुरी तिथेच दारात थरथरत उभी राहिली. तोंडातून लाळेची धार लागलेली, पातळ, फेसाळ.

“पिसाळली रे!” अंकुश सळई घेऊन धावला. मागे सगळी आळी.

बाबासोने वाडग्यात पाणी पुढे केलं. भुरी दोन घोट लपलप प्याली. तिच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या. त्याने लाळ बोटावर घेऊन हुंगली. लसणासारखा उग्र वास. गावाकडे कपाशीवर फवारणी झाली की असाच यायचा.

“पिसाळलेल्याला पानी उतरत न्हाई,” तो म्हणाला. “हिच्या पोटात फवारणीचं औषध गेलंय. त्या पिंपातलं.”

“ए लाळडॉक्टर, माझ्या मालाला नाव ठेवतो काय? दोन वर्षं विकतोय. कोन मेलं?”

आणि अंकुशने सळई घातली. पहिल्या घावात भुरीची कंबर मोडली. पुढचे दोन तिने नुसते पाहिले. लोक हसले, कुणीतरी शिट्टी मारली.

केशरबाईचं पिंप बाबासोच्या पायाशीच होतं. एक लाथ घातली असती तर गोष्ट तिथेच संपली असती. पण लोक हसत होते, आणि त्याला आपली विद्या खरी करून दाखवायची होती.

“माल चोख असंल तर पी की एक तांब्या,” तो म्हणाला. “समद्यांदेखत पी.”

अंकुशने तांब्या बुडवला, ओठांपर्यंत नेला आणि थांबला. त्यालाही वास आला होता.

“काय रे, तहान पळाली?” कुणीतरी मागून ओरडलं.

तेवढ्यात अंकुशची आई भिमाबाई गर्दीतून पुढे आली. “आन इकडं. माझ्या लेकराला खोटं पाडतो व्हय रे, मेंढक्या?”

अंकुशने तांब्या तिच्या हातात दिला.

“म्हातारे, नगं,” बाबासो म्हणाला. एकदाच, आणि हळू. हात त्याने पुढे केला नाही. म्हातारी अर्धा तांब्या प्याली, उरलेलं तिने त्याच्या पायावर फेकलं.

ऊन कलायच्या आत तिला उलट्या सुटल्या. ओठांच्या कोपऱ्यातून लाळेची धार लागली, पातळ, फेसाळ. अंकुश ती बाहीने पुसत राहिला. “आये, ऊन लागलंय तुला, दुसरं काय नाय.” तेव्हा कुठे बाबासोने पिंपाला लाथ घातली. दवाखान्यात नेताना टेम्पोत म्हातारीचं डोकं बाबासोच्याच मांडीवर होतं. वाशीच्या अलीकडे लाळ थांबली. श्वासही.

तिची माती झाल्यावर अंकुश सगळ्यांसमोर म्हणाला, “ह्याने माझ्या आईला पाजलं.” तांब्या कुणी दिला ते सगळ्या आळीने पाहिलं होतं. एकाचंही तोंड उघडलं नाही. बाबासोही गप्प राहिला. अंकुश म्हणाला त्यातलं निम्मं खरं होतं.

चौथ्या दिवशी त्याची वळकटी कुणीतरी गटारात टाकली. त्याने ती काढली, पिळली, खांद्यावर घेतली आणि महाप्याच्या दिशेने निघाला. आळीत दारं लोटलेली होती. केशरबाई तेवढी उंबऱ्यात उभी होती.

“माजं चार हंडे पानी सांडलंस, बाबासो,” ती म्हणाली. “त्यातला घोटबी माज्या घरात कुनाच्या पोटात गेला न्हाई. ध्यानात हाय माज्या.”