उन्हावर भाजलेलं वांगं

आमच्याकडे भरीत म्हणजे हिरव्या वांग्याचं. फिकट हिरवं, पांढरटच म्हणा, तुकतुकीत आणि दोन हातांत मावेल एवढं मोठं. जांभळ्या वांग्याचं भरीत करणारेही लोक असतात हे मला फार उशिरा कळलं आणि त्यांच्याबद्दल अजूनही थोडी दया वाटते. थंडी पडली की शिरपूर तालुक्यातल्या आमच्या गावात शेताशेतांवर भरीत पार्ट्या सुरू होतात. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ करायचा, त्यात वांगी भाजायची, सोलायची आणि मिरची-लसूण घालून बडगीत, म्हणजे लाकडाच्या खोलगट भांड्यात, ठेचायची. त्या वर्षी आमच्या शेतातल्या पार्टीवर माझं सायन्स अवलंबून होतं.

मी दहावीत होते. पुढे सायन्स घ्यायचं तर रोज बसने शिरपूरला जावं लागणार होतं. आर्ट्स गावातच होतं. आबांचं, म्हणजे माझ्या आजोबांचं, म्हणणं सरळ होतं: पोरीनं गावात शिकावं. वडील आबांपुढे बोलत नसत. आई बोलायची, पण चुलीशी. राहिले मी, आणि माझी जीभ लहानपणापासून कुणाच्या ताब्यात नाही.

आम्हाला विज्ञान शिकवणाऱ्या बाई कामाच्या होत्या. त्यांनी सांगितलं होतं की प्रकाश ही ऊर्जा आहे, आणि सगळ्या वस्तू ज्या अणूंच्या बनल्यात ते अणू कधी स्वस्थ बसत नाहीत. ऊर्जा मिळाली की त्यांची चुळबुळ वाढते आणि त्यालाच आपण वस्तू तापली म्हणतो. शेवटच्या तासाला आमचा वर्ग जसा चुळबुळ करायचा तशीच मी अणूंची कल्पना करायचे. हे घरी जेवताना मी आबांना ऐकवलं आणि तोऱ्यात वर म्हणाले, "उन्हावर वांगंसुद्धा भाजता येतं."

आबांनी घास खाली ठेवला. "सूर्य काय तुना बापना चुल्हा शे?"

माझा बाप समोरच जेवत होता. तो ताटात बघत राहिला.

"भाजून दाखवते," मी म्हणाले.

"दखाड. शेतमा बठ्ठा पावना येतीन, त्यास्ना सामने दखाड. काडी न लावता येक वांगं भाज, मंग जाय शिरपूर. नही भाजनं तं सायन्सनं नाव काढानं नही."

मी लगेच हो म्हटलं. मला भीती वाटलीच नाही. पुस्तकात होतं आणि मला समजलं होतं, मग घाबरायचं कशाला?

आमच्या गच्चीवर टीव्हीची जुनी डिश छत्री पडून होती. आईच्या फुटलेल्या आरशाचे आणि गावातल्या सलूनवाल्याने दिलेल्या काचांचे तुकडे मी त्या छत्रीवर आतल्या बाजूने चिकटवले. छत्रीच्या दांड्यावर जिथे टीव्हीचं यंत्र असतं, तिथेच सगळा उजेड येऊन गोळा होतो. तिथे कागद धरला तर भुरकन पेटला. बोट धरलं तर मी शिवी दिली. म्हणजे काम फत्ते होतं.

पार्टीच्या दिवशी स्वच्छ ऊन होतं. काका एकीकडे काड्या रचत होते आणि मी दुसरीकडे छत्री सूर्याकडे वळवून दांड्याला तारेनं वांगं टांगलं. पाहुणे भोवती जमले. वांगं असं लखलखलं की बघवेना. सगळे वाहवा करायला लागले. मी आबांकडे बघून हसले.

बराच वेळ गेला. वांगं लखलखतच राहिलं. काकांची वांगी जाळात फटाफट फुटत होती आणि माझं हाताला कोमट लागत होतं. सूर्य सरकेल तशी मी छत्री सरकवत होते, पण वांग्याला त्याचं काही नव्हतं.

"कोशिंबीर करी टाका!" काका ओरडले. पाहुण्यांत हशा पिकला. एक काकू मला म्हणाली, जाऊ दे ना बाई, आर्ट्समध्ये काय वाईट आहे? मला तिच्या अंगावर ओरडावंसं वाटलं. पण ओरडून वांगं भाजलं नसतं. मी खाली बसले आणि त्याच्याकडे नुसती बघत राहिले. डोळे दुखायला लागले, पाणी आलं.

डोळे दुखताहेत, म्हणजे उजेड माझ्या डोळ्यांत येतोय. आणि जो माझ्या डोळ्यांत येतोय तो वांग्यात जात नाहीये! कागद पेटला होता तो वर्तमानपत्राचा, काळ्या अक्षरांनी भरलेला. हे मेलं गोरं गोमटं, तुकतुकीत वांगं आलेला उजेड आल्या पावली परत पाठवत होतं. आतल्या अणूंपर्यंत काही पोचेल तेव्हा ते हलणार ना!

मी चहाचं पातेलं उचललं. त्याच्या बुडाची काजळी तेलात कालवली आणि वांग्याला चोपडायला घेतली.

"अगं, खायचंय ते!" आई ओरडली.

"साल काढूनच खायचंय ना?"

काळंकुट्ट वांगं मी परत टांगलं. आता ते लखलखेना आणि लोकांची मजाच गेली. ते जेवायला बसले. मी तिथेच थांबले. थोड्या वेळाने सालीवर तेल चुरचुरलं, मग देठाजवळ साल तडकली आणि आतून वाफ आली. मी केवढ्याने किंचाळले ते मला सांगता येणार नाही, पण शेजारच्या शेतातली माणसं बघायला आली.

ते भरीत मी स्वतः ठेचलं आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीबरोबर आबांच्या ताटात वाढलं. आबांनी घास खाल्ला. पुन्हा एक खाल्ला. मग ताट थोडं दूर सारलं.

"यामा धूर नही शे," ते म्हणाले. "हाई भरीत नही."

खरं सांगायचं तर चवीच्या बाबतीत आबा बरोबर होते. काड्यांच्या धुराशिवाय ते नुसतं उकडलेलं वांगं लागत होतं. पण माझं डोकं फिरलं.

"धुराचं ठरलं नव्हतं आबा! काडी न लावता भाजायचं, एवढंच ठरलं होतं. भाजलं की नाही?"

"भाजनं," आबा म्हणाले. मग माझ्याकडे न बघता वडिलांकडे वळले. "बठ्ठा हासनात तव्हय हाई पोर रडनी नही. वांगं का भाजस नही, हाई दखत बसनी. हिले शिरपूर धाड."

आणि मग मात्र मी रडले, सगळ्या पाहुण्यांसमोर, तोंड उघडं टाकून, हाताला काजळी तशीच. त्याची मला आजही लाज वाटत नाही. काकांनी पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मिरची जास्त व्हयनी वाटस भरीतमा."